६,८०० लिटरच्या तळ्यात किती कोई? कामाच्या नोंदी

परसातलं लायनरचं, म्हणजे खड्ड्यात जलरोधक अस्तर अंथरून केलेलं तळं आणि १४ कोई मासे. नोंदी कामाच्या क्रमानंच ठेवल्या आहेत. चुका गाळलेल्या नाहीत, कारण हेच काम काढणाऱ्याला त्यांचाच जास्त उपयोग होईल. चौदाचे शेवटी सहा झाले.

दिवस १

टेपनं मोजमाप घेतलं. काठापासून काठापर्यंत लांबी ४ मीटर, रुंदी अडीच मीटर, मधोमध खोली १.२ मीटर. गुणाकार १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर. हजार लिटरला एक मासा हा नेहमीचा हिशेब धरला तर १२ मासे. तात्पुरत्या टाकीत १४ आहेत, १२ ते १७ सेंटिमीटरचे. दोन जास्त झाले तर काय बिघडतं, असं म्हणून काम पुढे नेलं.

दिवस ४

तळं भरलं. भरताना नळाला पाण्याचा मीटर लावला होता. नेहमीच्या पातळीला तो ६,८४० लिटरवर थांबला, म्हणजे टेपच्या हिशेबाच्या जेमतेम ५७ टक्के.

फरक कुठे गेला ते लगेच कळलं. भिंती उभ्या नाहीत, उतरत्या आहेत. तळाशी लांबी २.८ आणि रुंदी १.४ मीटरच भरते. शिवाय पाणी काठोकाठ नसतं, १० सेंटिमीटर खाली असतं. ते १० सेंटिमीटर सगळ्यात रुंद भागातले, त्यामुळे तेवढ्यातच जवळपास हजार लिटर जातात.

खात्रीसाठी मिठानं मोजलं. मिठाच्या मीटरवर आधी ०.०२ टक्के होतं. १० किलो खडे मीठ बादलीत विरघळवून टाकलं आणि पंप रात्रभर चालू ठेवला. सकाळी ०.१७. वाढ ०.१५ टक्के, म्हणजे सुमारे ६,६७० लिटर. मीटर ०.०१ च्या टप्प्यानं दाखवतो, तेव्हा पाच-सात टक्के इकडे-तिकडे होणारच. पुढचा सगळा हिशेब ६,८०० लिटरवर.

तळं आधीच भरलेलं असेल आणि पाण्याचा मीटर लावायची सोय गेली असेल, तर मिठाची रीत पुरेशी आहे. पाणवनस्पती असतील तर मात्र आधी काढून ठेवा, त्यांना मीठ सोसत नाही.

हजार लिटरचा हिशेब धरला तरी आता सहा मासेच बसतात. टाकीत १४ आहेत. इथेच थांबायला हवं होतं.

दिवस ६

पंपावर ताशी ८,००० लिटर लिहिलंय. हा आकडा पाणी शून्य उंचीवर आणि पाइप न लावता मिळणारा. धबधब्याच्या तोंडाशी ६० लिटरचा ड्रम धरून वेळ मोजली: ५० सेकंद, म्हणजे ताशी ४,३२०.

वाटेत १.४ मीटर चढ, ३२ मिमीचा पाइप आणि काटकोनातले पाच एल्बो. पाइप ५० मिमीचा केला. तीन एल्बो काढून त्यांच्या जागी ४५ अंशाचे दोन-दोन तुकडे जोडले. पुन्हा ड्रम: ४३ सेकंद. एवढी कापाकापी करून ताशी ७०० लिटरच वाढले.

दिवस ७

दोष जुन्या व्हॉल्व्हचा. पाइप ५० चा केला, पण मधला ३२ चा व्हॉल्व्ह रिड्यूसर लावून तसाच ठेवला होता. तो बदलल्यावर ड्रम ३५ सेकंदांत भरला, ताशी ६,१७०. अख्खं पाणी तासाभरात एकदा फिल्टरमधून जातं, एवढं पुरे. दोन दिवस गेले. ३२ चे सगळे जोड भंगारात.

दिवस ९

मासे सोडायच्या आधी पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) पाहिला: ९.१. नळाचं पाणी ७.५ आहे. काठाचे दगड आणि धबधबा ताज्या सिमेंटमध्ये बसवले आहेत, त्यातला चुना पाण्यात उतरतोय.

पीएच एवढा का छळतो, तर त्यामुळे माशांच्या टाकाऊतून येणाऱ्या अमोनियाचं रूप बदलतं. २५ अंशांना पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियापैकी दोन टक्क्यांहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ९ ला तोच एक-तृतीयांशाच्या वर जातो. पाणी तपासायच्या किटवर दिसणारा आकडा तोच राहतो, माशांना मात्र वीसपट घातक होतो.

पाणी उपसलं, १० किलो मिठासकट. सिमेंट ब्रशनं घासलं, व्हिनेगरनं पुसलं, दोनदा धुतलं, सुकू दिलं आणि तळ्यासाठी चालणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात दिले. डब्यावर सात दिवस सुकवायला सांगितलंय, तेवढे पूर्ण दिले. पुढच्या वेळी सिमेंटचा एक तुकडा आधी बादलीत २४ तास भिजत घालून पीएच बघायचा.

दिवस २०

पुन्हा भरलं. मीटरवर ६,८१०, म्हणजे पहिलं माप बरोबर होतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन १ मिलिग्रॅम प्रति लिटर. ते काढायला सोडियम थायोसल्फेटचे खडे हजार लिटरला ७ ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅम लागतात, ६० टाकले. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असलेल्या पाण्यात थायोसल्फेटनं क्लोरीन निघतं, पण त्यातला अमोनिया मागे राहतो. किट लावल्याशिवाय मासे सोडू नयेत.

फिल्टर: ३०० लिटरचा ड्रम, त्यात तरंगणारं प्लास्टिक मीडिया १०० लिटर आणि खालून हवा. या मीडियाचा जिवाणूंना बसायचा पृष्ठभाग घनमीटरला ५०० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडे ५० चौरस मीटर.

मासे न घालता फिल्टर मुरवायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला सुरुवात केली. अमोनियम क्लोराइड ५२ ग्रॅम. ६,८०० लिटरमध्ये त्यानं अमोनिया-नायट्रोजन २ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं.

दिवस ३४

अमोनिया आता दोन दिवसांत शून्यावर येतो. त्यातून जिवाणू जे नायट्राइट करतात ते किटच्या पट्टीच्या बाहेर. हे अपेक्षित आहे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू उशिरा येतात. दर वेळी अमोनिया संपला की पुन्हा ५२ ग्रॅम.

दिवस ४३

चौथ्या मात्रेनंतर सगळं ठप्प. अमोनिया हलत नाही, नायट्राइटही हलत नाही. चार दिवस वाट पाहण्यात गेले, दोनदा किट बदलून पाहिलं. मग पीएच पाहिला: ६.४. क्षारता, म्हणजे केएच (पीएच घसरू न देणारा पाण्यातला साठा), लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली.

१ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जिवाणू ७.१ ग्रॅम क्षारता खातात. म्हणजे २ मिलिग्रॅमच्या प्रत्येक मात्रेला १४ मिलिग्रॅम क्षारता जाते. सुरुवात ७५ वर होती, चार मात्रांत ती १८ वर येणार हे कागदावर आधीच दिसत होतं. मांडून पाहिलं नव्हतं.

खाण्याचा सोडा ९०० ग्रॅम, तीन दिवसांत ३००-३०० करून. हजार लिटरला ३० ग्रॅम सोड्यानं क्षारता साधारण १८ मिलिग्रॅम वाढते. एकदम सगळा टाकला तर पीएच उडी मारतो.

दिवस ४७

फिल्टर पुन्हा चालू झाला.

दिवस ५२

संध्याकाळी २ मिलिग्रॅम अमोनिया टाकला. दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट साठलेलं आहे म्हणून अर्धं पाणी बदललं.

दिवस ५३

१४ च्या १४ मासे सोडले. तात्पुरत्या टाकीत ते सात आठवडे वेगळे होतेच, त्यामुळे विलगीकरण आपोआप झालं. त्या टाकीतलं जाळं आणि बादल्या तळ्याला वापरत नव्हतो, तेवढं मात्र मुद्दाम पाळलं.

दिवस ९०

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पाणी काचेसारखं. इथेच माणूस फसतो. चौदा मासे छान चाललेत मग अडचण काय, असं वाटायला लागतं. पण किट आजचं सांगतं; या माशांचं पुढे काय होणार ते त्यात दिसत नाही.

म्हणून किती मासे ठेवायचे ते सांगणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ठोकताळे, तपासून पाहिले. एक चौरस फूट पाण्याला एक इंच मासा ही जुनी पट्टी घ्या. तळ्याचा पृष्ठभाग साधारण १०० चौरस फूट. चौदा मासे सहा इंचांचे, म्हणजे ८४ इंच: चालतंय. हेच मासे २४ इंचांचे झाले की पट्टीप्रमाणे चारच बसतात. एकच तळं, तीच पट्टी, उत्तरं दोन.

त्यात पट्टी लांबी मोजते, पाण्यावर भार मात्र वजनाचा पडतो. वजन लांबीच्या घनानं वाढतं. कोईसाठी हा अंदाज बरा जमतो: लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा घन करा, १.६ नं गुणा, १०० नं भागा, वजन ग्रॅममध्ये. १५ सेंमीचा मासा ५४ ग्रॅम, ३० चा ४३०, ४० चा सव्वादहाशे ग्रॅमपर्यंत, ६० चा साडेतीन किलोच्या आसपास. १५ वरून ६० म्हणजे लांबी चौपट, वजन चौसष्टपट.

आजचे चौदा मासे मिळून पाऊण किलो. पूर्ण वाढलेले चौदा ४९ किलो. तळं तेच, ६.८ घनमीटरचं.

(मासा तळ्याच्या मापानंच वाढतो, असं सांगणारे भेटतात. कोंडलेल्या घाण पाण्यात वाढ खुंटते हे खरं, पण तो मासा तळ्याला जुळवून घेत नसतो, आजारी असतो.)

दिवस ९४

पुढचा हिशेब खाद्यावरून. मोठा कोई उबदार पाण्यात रोज वजनाच्या एक टक्का खातो असं धरलं. लहान मासे दोन-तीन टक्केही खातात, पण वजनच थोडं असतं. खाद्यात प्रथिनं ४० टक्के. खाद्य × प्रथिनांचा वाटा × ०.०९२ म्हणजे रोज पाण्यात येणारं अमोनिया-नायट्रोजन.

पूर्ण वाढलेले चौदा: ४९० ग्रॅम खाद्य, १८ ग्रॅम नायट्रोजन रोज.
पूर्ण वाढलेले सहा: २१० ग्रॅम खाद्य, ७.७ ग्रॅम नायट्रोजन रोज.

फिल्टर मीडिया चौरस मीटरला रोज ०.२ ग्रॅम पचवतं असं हात राखून धरलं. सहा माशांना ३९ चौरस मीटर लागतात, आपल्याकडे ५० आहेत. चौदांना ९० लागतील, म्हणजे मीडिया १०० लिटरचं १८० करायचं. ड्रममध्ये ते कसंबसं मावतंही. म्हणजे फिल्टर ही अडचण नाहीच. पैसे आणि ड्रम वाढवून ती सुटते.

न सुटणारी गोष्ट पुढची आहे. पचलेलं नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्यातच राहतं. चौदा माशांचं आठवड्याला ८२ मिलिग्रॅम प्रति लिटर वाढेल, सहांचं ३५. नायट्रेट १०० च्या आत ठेवायचं तर चौदांसाठी आठवड्याला ८२ टक्के पाणी बदलावं लागेल, म्हणजे साडेपाच हजार लिटर, दर आठवड्याला. सहांसाठी ३५ टक्के, २,४०० लिटर. शेवाळ आणि वनस्पती थोडं शोषतील, पण आकड्याची जात बदलत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला हा सल्ला लहान माशांपुरताच खरा आहे.

तरीही चौदा ठेवले. मोठे व्हायला दोन वर्षं आहेत, तोवर बघू, हे कारण. चूक.

दिवस १८०

सरासरी लांबी २२ सेंमी, एकूण वजन २.४ किलो, खाद्य रोज ५० ग्रॅम. क्षारता आठवड्याला १२ ते १५ मिलिग्रॅम उतरतेय. हिशेबानं १३ यायला हवी, जमतंय. दर आठवड्याला पाणी बदलून झालं की १५० ग्रॅम सोडा. क्षारता १०० च्या खाली जाऊ द्यायची नाही.

दिवस २१५

पाणी ९ अंश. १० च्या खाली गेल्यापासून खाद्य बंद. थंड पाण्यात माशांचं पचन आणि फिल्टरचे जिवाणू दोन्ही मंदावतात.

दिवस २७८

पाणी १४ अंश. गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य, दिवसाआड. अमोनिया दोन दिवस ०.२५ दिसला, मग शून्य.

दिवस ३३१

पाणी हिरवं झालं. दुपारी पीएच ८.८ आणि विरघळलेला ऑक्सिजन ११ मिलिग्रॅम प्रति लिटर. पहाटे पीएच ७.६ आणि ऑक्सिजन ५.२. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच खातं. दुपारी मोजून समाधान मानू नये, खरा आकडा पहाटेचा. शेवाळ मारणारा यूव्ही दिवा लावला.

दिवस ३४०

पाणी स्वच्छ. पण मेलेलं शेवाळ खाली बसलंय. तळाला ड्रेन ठेवला नाही, ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. लायनर टाकायच्या आधी ११० मिमीचा ड्रेन बसवणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. आता लायनर फाडल्याशिवाय होत नाही, आणि गाळ महिन्यातून एकदा हातानं ओढावा लागतो.

दिवस ३९६

मुख्य चाचणी. पंप बंद पडला तर किती वेळ हातात आहे, हे मोजायचं होतं. मासे सरासरी ३३ सेंमी, चौदांचं वजन ८ किलो. पाणी २९ अंश. एवढ्या गरम पाण्यात पूर्ण भरला तरी ऑक्सिजन ७.७ च्या वर राहत नाही. आदल्या दुपारपासून खाद्य बंद. पहाटे चारला पंप आणि एअर पंप दोन्ही बंद केले. ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमवर आला की थांबायचं असं आधीच ठरवलं होतं, आणि एअर पंपाचं बटण हाताशी होतं.

४:०० — ६.३१
५:०० — ५.६४
६:०० — ५.०१

दोन तासांत १.३०, म्हणजे तासाला ०.६५. लगेच हवा चालू केली. पाऊण तासात ६ च्या वर.

दिवस ४०१

तीच चाचणी सहा माशांवर करायला आठ मासे बाजूला काढले. पहिला मासा हाताच्या जाळ्यानं उचलला, त्याची पाठीवरची पाच-सहा खवलं गेली. मग नीट केलं: पाणी एक-तृतीयांश उतरवलं, रुंद उथळ जाळ्यानं मासा काठाशी आणला आणि पाण्यातच कापडी नळीत घेऊन उचलला. कोई जाळ्यात पाण्याबाहेर उचलायचाच नाही. आठांना दीड तास लागला. तात्पुरत्या टाकीत भरपूर हवा, खाद्य बंद, रोज ३० टक्के पाणी बदल.

कोणते काढायचे हे ठरवायला वेळ गेला. चागोई जातीचा कोई सगळ्यांत झपाट्यानं आणि सगळ्यांत मोठा वाढतो, म्हणून तो पहिला गेला. माद्या जास्त भरतात, पण या वयात नर-मादी खात्रीनं ओळखता येत नाही. बाकीचे आकारानं निवडले.

दिवस ४०२

तीच चाचणी, तेच तापमान, तीच वेळ, सहा मासे. ६.३४ वरून ५.४०. दोन तासांत ०.९४.

फरक ०.३६, तासाला ०.१८. तो ६.८ घनमीटरनं गुणला की १.२ ग्रॅम. कमी झालेलं वजन ४.६ किलो. म्हणजे किलोभर मासा तासाला साधारण २६५ मिलिग्रॅम ऑक्सिजन खातो. हा आकडा आपल्याच तळ्यातला, म्हणून भरवशाचा.

आता उलटा हिशेब. सहा मासे मिळून तासाला ०.१३ खातात. मोजलेली घट ०.४७. उरलेले ०.३४ कोण खातंय?

दिवस ४०८

गाळ ओढला. दोन बादल्या भरून काळा चिखल निघाला, कुजक्या अंड्यासारखा वास.

दिवस ४०९

तिसरी चाचणी. सहा मासे, गाळ नाही. दोन तासांत घट ०.६२, तासाला ०.३१. नुसता गाळ तासाला ०.१६ खात होता, सहाच्या सहा माशांपेक्षा जास्त. माशांची संख्या घासाघीस करून ठरवायची आणि तळाशी फुकटचे सहा पाहुणे पोसायचे, असं चाललं होतं.

स्वच्छ तळ्याचा स्वतःचा खर्च ०.१८. सुरुवात ६.३ आणि धोक्याची रेषा ३.५ धरली, तर खर्च करायला २.८ मिलिग्रॅम आहेत. तळ्याचा खर्च धरून पूर्ण वाढीचे चौदा मासे तासाला २.०९ खातील: एक तास वीस मिनिटं. सहा मासे तासाला एक: पावणेतीन तास. मोठा मासा किलोमागे थोडा कमी ऑक्सिजन वापरतो, तेव्हा प्रत्यक्षात किंचित जास्त वेळ मिळेल. पण खाऊन झाल्यावर मागणी वाढते, त्यामुळे ती सवलत धरलेली नाही.

दोन्ही आकडे वाईटच. रात्री दोनला वीज गेली आणि सहाला कुणी उठलं, तर सहा मासेही संकटात. फरक एवढाच की सहांना बॅटरीवरचा छोटा एअर पंप तारून नेतो. चौदांना तासाला १३ ग्रॅम ऑक्सिजन पुरवायचा म्हणजे दुसरी यंत्रणाच उभी करावी लागेल.

आठ मासे परत तळ्यात सोडले नाहीत. मोठ्या तळ्याकडे गेले.

दिवस ४१५

१२ व्होल्टच्या बॅटरीवर एअर पंप, वीज गेली की आपोआप चालू होणारा. पहिल्याच चाचणीत चालू झाला, पण बंद केल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरलं. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला होता आणि उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नव्हता. पंप फुकट गेला. दुसरा पातळीच्या वर बसवला, व्हॉल्व्हसकट.

दिवस ४३०

चालू पद्धत: आठवड्याला २० टक्के पाणी बदल, कारण मासे अजून पाऊण किलोच्या आतले आहेत, वजन वाढेल तसा ३५ पर्यंत नेणार. गाळ महिन्याला. क्षारता आठवड्याला. पहाटेचा ऑक्सिजन उन्हाळ्यात रोज, एरवी पंधरा दिवसांनी. दर तीन महिन्यांनी दोन मासे पाण्यातल्या टबमध्ये घेऊन लांबी मोजायची आणि खाद्य त्यावरून ठरवायचं, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. मीडियात ५० लिटरची भर घातली, ७५ चौरस मीटर झाले.

दिवस ५८०

सरासरी ४१ सेंमी, सहा मिळून ६.६ किलो. १४ असते तर आज १५ किलो असतं आणि नायट्रेटसाठी आठवड्याला सरासरी पावपेक्षा जास्त तळं ओतावं लागलं असतं. खोली १.१ मीटरच आहे, ती थोडी कमी पडते. पुन्हा बांधायचं तर दीड मीटर आणि उभ्या भिंती.

दिवस ७०२

पहाटेपासून नर मादीच्या मागे लागले होते. दुपारी पाण्यावर फेस, वनस्पतींच्या मुळांना अंडी चिकटलेली. संध्याकाळी अमोनिया ०.५. खाद्य तीन दिवस बंद, ३० टक्के पाणी बदललं, हवा दुप्पट केली. अंडी असलेल्या वनस्पती काढून टाकल्या. मोठ्या माशांनी उरलेली बरीचशी खाल्ली.

दिवस ७४५

वनस्पतींच्या टोपलीच्या आडून सात पिल्लं निघाली, तीन-चार सेंमीची. म्हणजे सहाचे तेरा, न विचारता. पाच पकडून वेगळी केली. दोन अजून दिसतात, पंपाच्या जाळीखाली लपतात. गाळ ओढायच्या दिवशी पकडायची.